गाणं विकत घेतलं की भाड्यानं?

आज आम्ही गाण्यांबद्दल बोलणार आहोत, पण सुरुवात मात्र हिशोबाच्या वहीपासून करणार आहोत. आपल्या गटांचं सगळं वहीतूनच तर सुरू होतं.

मार्चमध्ये आमच्या गटाचा वर्षाचा हिशोब तपासायला ताई आल्या होत्या. मालमत्तेची वही उघडली. सहा मोठी पातेली, चाळीस ताटं, दोन सतरंज्या, एक शिलाई मशीन, एक स्पीकर. सगळं मोजून झालं, जुळलं. मग रोकड वही उघडली. तिथं एक ओळ होती : ‘गाणी खरेदी, ३९९ रुपये.’ ताई म्हणाल्या, “ही खरेदी आहे, तर मालमत्तेच्या वहीत का नाही? गाणी कुठं आहेत, दाखवा.”

आमच्या खजिनदार वहिनींनी मोबाइल काढला. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि भोंडला, या दोन कार्यक्रमांसाठी गटानं एका ॲपचे वर्षाचे पैसे भरले होते. वहिनींनी रात्री रेंज असेल तेव्हा गच्चीवर बसून एकेक करत एकशेचाळीस गाणी उतरवून घेतली होती. आता यादी दिसत होती, गाण्यांची नावं दिसत होती, पण अक्षरं फिकी पडली होती. दाबलं की पाटी यायची, तुमची मुदत संपली आहे, पुन्हा पैसे भरा. एकही गाणं वाजेना.

वहिनींचा चेहरा उतरला. “माझ्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल,” असं त्या म्हणाल्या. पुढच्या बैठकीत त्या ३९९ रुपये पदरचे भरायला घेऊन आल्या. आम्हाला ते फार लागलं. कुणी चोरी केली नव्हती, कुणी काही हरवलं नव्हतं. तरीही घेतलेली वस्तू गेली होती, आणि दोष मात्र एका बाईनं स्वतःच्या अंगावर घेतला होता. ‘आपल्याला मोबाइलमधलं कळत नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी इतकं बसलंय, की दुसऱ्याची अटही आपण आपली चूक म्हणून घेतो.

म्हणून आम्ही शोधायला बसलो. गाणं ही विकायची वस्तू कधी झाली? ती घरात कशी आली? आणि घरात येऊन पुन्हा आपली का राहिली नाही? त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

विकत न मिळणारं गाणं

आपल्या आज्यांना गाणं विकत घ्यावं लागत नव्हतं. पहाटे जात्यावर बसलं की ओवी यायची. आईकडून मुलीकडं, सासूकडून सुनेकडं, आणि माहेराहून सासरी जाताना लुगड्याबरोबर तीही जायची. त्या ओवीला मालक नव्हता. जी म्हणेल तिची. एकीनं म्हटलेली ओवी दुसरीनं दोन शब्द बदलून म्हटली, तरी कुणी भांडायला येत नव्हतं.

पण तिला एक मोठा धोका होता. ती माणसाच्या गळ्यात राहायची. म्हातारी गेली की तिच्या ओव्याही जायच्या. गावात पिठाची गिरणी आली, हातावरचे घट्टे गेले, ते चांगलंच झालं. पण जातं कोपऱ्यात गेलं तसं ओवीचं रोजचं ठिकाणही गेलं. आवाज साठवून ठेवायचं यंत्र किती मोलाचं आहे, ते इथं कळतं.

लाखेची तबकडी

ते यंत्र १८७७ साली अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी तयार केलं. आवाज एका नळकांड्यावर खरवडला जायचा आणि सुई फिरवली की परत ऐकू यायचा. दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर यांनी नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली. तबकडीचा फायदा असा, की एका साच्यावरून हजारो छापता येतात. आपण साच्यात घालून करंज्या करतो ना, तसंच. गाणं दुकानात ठेवण्याजोगी वस्तू झालं ते इथं.

१९०२ साली इंग्लंडच्या ग्रामोफोन कंपनीनं फ्रेड गेसबर्ग यांना हिंदुस्थानात पाठवलं. कलकत्त्याच्या एका हॉटेलच्या खोलीत कर्णा लावून त्यांनी गाणी घेतली. त्यांत सगळ्यात गाजल्या गौहर जान. तासतासभर चालणारं गाणं तीनेक मिनिटांत बसवायचं, हे अवघड काम त्यांनी साधलं. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कारागिरांना कळावं की ही तबकडी कुणाची, म्हणून ते नाव, असं सांगतात. पुढं १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला.

इथं दोन गोष्टी आपण लक्षात ठेवू. एक, त्या काळी बरेच मोठे गवई यंत्रापुढं गायला कचरत होते. पहिल्या पिढीत धीटपणे पुढं आल्या त्यांत कलावंत घराण्यांतल्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. समाजानं ज्यांना मान दिला नाही, त्यांचाच आवाज सगळ्यांत आधी टिकून राहिला. दुसरी गोष्ट, त्या तबकड्या ज्या मालाच्या होत्या, त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवर बारीक किडा जी लाख करतो, तीच. बांगड्यांची लाख आपल्या ओळखीची. आपल्या देशातल्या जंगलांतून ती गोळा होऊन जगभर जायची आणि तबकडी होऊन परत यायची.

तबकडी आणि ग्रामोफोन सगळ्यांना परवडत नव्हते. वाड्यात, व्यापाऱ्याच्या घरी, हॉटेलात एखादा असायचा. बाकीचे दाराबाहेर उभे राहून ऐकायचे. म्हणजे वस्तू होती, पण आपली नव्हती. तरी ज्यांनी घेतली, त्यांची ती कायमची झाली. लेकीला देता यायची, शेजारणीला उसनी देता यायची, अडचणीला विकताही यायची. विकणारी कंपनी वीस वर्षांनी दार वाजवून ‘आमची तबकडी परत द्या’ म्हणत नव्हती.

तबकडी किती लांब जाऊ शकते, याचा एक दाखला आम्हाला फार आवडला. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर. त्यांनी गायलेली भैरवी १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांतून अवकाशात पाठवली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर जगभरातली निवडक गाणी होती, त्यांत ही एक. बरोबर वाजवायची सुईही ठेवली, आणि ती कशी वाजवायची याची चित्रं वेष्टणावर कोरली. ज्यांनी ती पाठवली त्यांना ठाऊक होतं, की ऐकणाऱ्याच्या हाती तबकडी, सुई आणि रीत, तिन्ही असली तरच गाणं वाजेल. हे तीन शब्द ध्यानात ठेवा. पुढं उपयोगी पडणार आहेत.

रेडिओचं गाणं

मग आला रेडिओ. त्यानं गाणं वाड्यातून बाहेर काढलं. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, वर्षभरात छप्पन्न गीतं. ऐकता ऐकता शब्द वहीत उतरवून घेणाऱ्या कितीतरी घरांत होत्या. रेडिओचं गाणं धरून ठेवता येत नव्हतं. एकदा गेलं की पुन्हा लागेपर्यंत वाट बघायची. पण ते आपलं आहे असं रेडिओनं कधी सांगितलंही नव्हतं. त्यात फसवणूक नव्हती. आम्हीही रेडिओवाल्याच, म्हणून हे ठासून सांगतो.

कॅसेट : किल्ली आपल्या हातात

आपल्या पिढीला खरं गाणं मिळालं ते कॅसेटनं. १९६३ साली फिलिप्स कंपनीनं ती बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. ती बनवणाऱ्या गटाचे प्रमुख लू ऑटेन्स यांनी आधी लाकडाचा एक ठोकळा कोटाच्या खिशात बसवून पाहिला होता, यंत्र एवढंच व्हायला हवं म्हणून. खिशात मावेल ते गरिबाच्या घरातही मावतं.

आपल्याकडं कॅसेट पसरली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात. आखाती देशांत कामाला गेलेली माणसं सुटीवर येताना टू-इन-वन घेऊन यायची. कोकणातल्या आमच्या मैत्रिणींना ते चांगलं आठवत असेल. तोवर आपल्या देशात रेकॉर्डचा धंदा बहुतेक एकाच मोठ्या कंपनीच्या हातात होता. कोणाचं गाणं निघायचं आणि कोणाचं नाही, ते तिथं ठरायचं. कॅसेट काढायला मोठा कारखाना लागत नव्हता. लहान कंपन्या निघाल्या, १९८३ साली टी-सीरिज निघाली, किमती खाली आल्या.

आणि मग ज्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यांची गाणी दुकानात आली. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी पानटपरीपासून एसटी स्टँडपर्यंत वाजू लागली. त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद शिंदे घराघरांत पोचले. जागरण-गोंधळ, लावणी, कोळीगीतं, सगळ्यांच्या कॅसेटी निघाल्या. वामनदादा कर्डकांसारखे लोककवी जी गाणी गावोगाव सभांत उभं राहून म्हणत होते, त्या परंपरेतली भीमगीतं कॅसेटीतून वस्तीवस्तीत गेली. चौदा एप्रिलच्या जयंतीला ती कॅसेट लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ज्या वस्तीत एकेकाळी पाण्यालाही परवानगी लागत होती, तिथं ही गोष्ट लहान नव्हती.

कॅसेटची आणखी एक गंमत आठवते का? वरच्या काठावर दोन बारीक पाती असायची. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता यायचं नाही. पुन्हा भरायची असेल तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची. म्हणजे कुलूप कॅसेटलाही होतं, पण लावायचं की काढायचं ते आपण ठरवायचो. पट्टी गुंतली तर पेन्सिल घालून फिरवायची, तुटली तर नखाएवढ्या चिकटपट्टीनं जोडायची. बिघडलेली वस्तू आपल्या हातानं नीट व्हायची.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कॅसेटवर आपलाही आवाज भरता यायचा. ओव्यांची गोष्ट इथं पूर्ण होते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां या दोघांनी ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांपासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हे काम हजारावर गावांत पोचलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या लिहिल्या गेल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी कित्येक तासांच्या ओव्या टेपवर घेतल्या. २०१७ सालापासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या कुणालाही ऐकता येतात, कुणी गायल्या, कोणत्या गावच्या, त्या नावांसकट. टेप होती म्हणून त्या बायकांचे गळे आज आहेत.

आमच्याच गटातल्या एका मावशींकडं अशी एक कॅसेट होती. त्यांच्या भावानं तीसेक वर्षांपूर्वी सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटवर चिकटपट्टी लावून आईच्या ओव्या भरल्या होत्या. आई गेली. टू-इन-वन मोडला. कॅसेट ट्रंकेत लुगड्याच्या घडीत राहिली. मावशी आमच्या केंद्रावर ती घेऊन आल्या तेव्हा पट्टीला बुरशी लागली होती. आमच्या तांत्रिक काम बघणाऱ्या मुलीनं दोन दिवस खपून ती हळूहळू पुसली, फिरवली, वाजवली. चाळीस मिनिटांचा आवाज निघाला. ओव्यांच्या मध्ये कोंबड्या ओरडतात, कुणाचं तरी पोर रडतं, आणि एकदा आई विचारते, “झालं का रं?” मावशी ते ऐकून काही बोलल्या नाहीत. पुन्हा लावा, एवढंच म्हणाल्या.

आणखी चार पावसाळे गेले असते तर ती कॅसेट संपली असती. हातात धरायची वस्तू कायम टिकते असं कुणी समजू नये. तबकडी फुटते, पट्टीला बुरशी लागते, वाजवायचं यंत्र बाजारातून जातं. पण ती जाते तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर जाते, आणि वाचवायची संधी आपल्या हातात असते.

कुलूप त्यांचं, किल्लीही त्यांची

१९८२ साली सीडी आली. गाणं आता खोबणीत राहिलं नाही, आकड्यांत आलं. पुढं एमपीथ्री निघालं आणि एका डिस्कमध्ये दीडशे गाणी बसू लागली. मग आठवडी बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. आपण सगळ्यांनीच ते केलंय. त्यातला एक पैसाही गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला जात नव्हता, हेही प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. कंपन्यांनी कुलपं लावली त्यामागं हे कारण होतं.

अमेरिकेत ॲपल कंपनीनं २८ एप्रिल २००३ रोजी इंटरनेटवर गाण्याचं दुकान उघडलं. एक गाणं ९९ सेंटला. पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी विकली गेली. पण त्या गाण्याला आतून कुलूप होतं. ठरलेल्या यंत्रांवरच ते वाजायचं. शेजारणीला उसनं देणं नाही, जुन्या बाजारात विकणं नाही. गिऱ्हाइकांनी बरीच वर्षं कुरकुर केल्यावर २००९ साली गाण्यांवरचं ते कुलूप काढलं गेलं.

कुलपाचा खरा त्रास दुकान बंद झालं की कळतो. मायक्रोसॉफ्टचं एमएसएन म्युझिक नावाचं दुकान होतं. ते मिटल्यावर २००८ साली कंपनीनं गिऱ्हाइकांना कळवलं, की अमुक तारखेनंतर नवीन संगणकावर तुमची गाणी उघडायची किल्ली आम्ही देणार नाही. म्हणजे पैसे देऊन घेतलेलं गाणं, जुना संगणक बिघडला की गेलं. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा मुदत वाढवून मिळाली. आपण सोन्याची डबी विकत घ्यावी, किल्ली दुकानदाराच्या घरी असावी आणि दुकानदारानं गाव सोडावं, तसा हा प्रकार.

आपल्या देशातही फ्लिपकार्टनं २०१२ च्या फेब्रुवारीत फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं आणि २०१३ च्या जूनमध्ये बंद केलं. दीड वर्षसुद्धा चाललं नाही. त्या गाण्यांना कुलूप नव्हतं आणि उतरवून घ्यायला दोन महिने दिले होते. म्हणून ज्यांनी वेळेत आपल्याकडं उतरवली त्यांची राहिली. दोन दुकानं बंद झाली, पण गिऱ्हाइकाची गत वेगळी झाली. फरक कुलपाचा होता.

आता तर एकेक गाणं विकणं मागं पडलंय. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरा आणि हवं ते ऐका, अशी ॲपं आहेत. तीही कायमची नसतात. एअरटेलचं विंक म्युझिक २०१४ साली निघालं, २०२४ साली बंद झालं. रेसो नावाचं ॲप भारतात २०२४ च्या जानेवारीत थांबलं.

या ॲपांचा फायदा नाही असं आम्ही म्हणत नाही. आमच्या पोरी कामाला जाताना एसटीत बसून जगातलं कुठलंही गाणं ऐकतात. कॅसेटच्या काळात घरात वडील लावतील तेच ऐकावं लागायचं, आता मुलगी स्वतः निवडते. थोड्या पैशांत लाखो गाणी मिळतात. हे चांगलं आहे. पण ते भाडं आहे, खरेदी नाही.

भाडं म्हणजे काय, ते आपल्याला शिकवू नका

मैत्रिणींनो, आमचा गट लग्नकार्याला पातेली भाड्यानं देतो. तुमच्यापैकी बऱ्याच गटांत हे चालतं. पातेलं देताना आपण स्पष्ट सांगतो, दोन दिवसांचं एवढं भाडं, घासून परत आणायचं, पोचा पडला तर भरून द्यायचं. वहीत सही घेतो. ‘तुम्ही पातेलं विकत घेतलं’ असं सांगून तिसऱ्या दिवशी रात्री गुपचूप उचलून आणत नाही. तसं केलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मोबाइलमध्ये नेमकं हेच होतं. ‘डाउनलोड’ म्हटलं की आपल्याला वाटतं, गाणं आपल्या घरात आलं. पण पैसे भरून चालणाऱ्या ॲपमध्ये बहुतेक वेळा ते कुलपात बंद होऊन येतं आणि मुदत असेपर्यंतच उघडतं. गाणं आपल्याच फोनमध्ये, आपल्याच मेमरीची जागा अडवून बसलेलं असतं, पण हुकूम दुसऱ्याचा. केसरबाईंच्या तबकडीबरोबर काय पाठवलं होतं आठवा. गाणं, सुई आणि रीत. इथं गाणं आपल्याकडं आहे, सुई मात्र कंपनीकडं.

हे फक्त आपल्यालाच कळत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं यासाठी कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं डिजिटल माल विकणाऱ्याला ‘विकत घ्या’ हा शब्द सरळ वापरता येत नाही. हा फक्त वापरायचा परवाना आहे, हे आधी स्पष्ट सांगावं लागतं. जी गोष्ट कायमची उतरवून, इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला हा नियम लागत नाही. शिकलेल्या, संगणक वापरणाऱ्या लोकांचीही गल्लत होत होती, म्हणून तर कायदा करावा लागला. मग आमच्या वहिनींनी का म्हणून मान खाली घालावी?

आपण काय करायचं

गटानं किंवा घरी कुणी गाण्यांसाठी, सिनेमासाठी, पुस्तकासाठी मोबाइलवर पैसे भरणार असेल, तर तीन प्रश्न विचारा. फोन बदलला तर हे राहील का? पैसे भरायचं थांबवलं तर राहील का? कंपनी बंद झाली तर राहील का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ती खरेदी. एकाचंही ‘नाही’ असेल तर ते भाडं. भाडं द्यायला हरकत नाही. किती दिवसांचं ते मात्र वहीत लिहा.

दुसरं, आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांकडं लक्ष ठेवा. पहिला महिना फुकट म्हणतात आणि पुढं दर महिन्याला खात्यातून रक्कम जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवावं लागतं. तो मेसेज वाचा, येत नसेल वाचता तर लेकीकडून वाचून घ्या. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ असं लिहिलेलं असतं. तिथं जाऊन नको असलेली परवानगी तुम्ही स्वतः बंद करू शकता.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बाजारातलं गाणं उद्या पुन्हा मिळेल, आज ना उद्या कुठल्या तरी ॲपवर येईल. पण तुमच्या आईची ओवी, आजीचं हादग्याचं गाणं, गावच्या भजनी मंडळाचा आवाज, तो कुठल्याही दुकानात नाही. तो तुम्ही भरला तरच राहणार. फोनमधल्या साध्या रेकॉर्डरवर भरा. ज्यांचा आवाज घ्याल त्यांना आधी विचारा. सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या, गौहर जान शेवटी नाव सांगायच्या तसं. मग त्याच्या तीन प्रती करा. एक फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डात, आणि एक दुसऱ्या घरी, बहिणीकडं नाहीतर लेकीकडं. वर्षातून एकदा, संक्रांतीला म्हणा, तिन्ही वाजवून बघा. लोणच्याची बरणी आपण मधून मधून उघडून बघतोच ना, तसं.

मावशींच्या आईच्या ओव्या आज अशाच तीन ठिकाणी आहेत. एक मावशींच्या नातीच्या फोनमध्ये, एक आमच्या केंद्रावर, आणि एक गटाच्या पेटीतल्या पेन ड्राइव्हवर. मूळ कॅसेटही मावशींनी टाकलेली नाही. ती पुन्हा लुगड्याच्या घडीत गेली.

आता राहिली वही. एप्रिलच्या बैठकीत आम्ही वहिनींचे ३९९ रुपये परत केले आणि इतिवृत्तात तसं लिहिलं, सगळ्याजणींच्या सह्यांसकट. रोकड वहीतल्या ‘गाणी खरेदी’वर एक आडवी रेघ मारून वहिनींनी शेजारी स्वतःच्या हातानं लिहिलं : ‘गाणी, भाडं, एक वर्ष.’ आणि मालमत्तेच्या वहीत, स्पीकरच्या खाली, नवीन ओळ घातली : ‘ओव्यांचा पेन ड्राइव्ह, १ नग.’

तुमच्या ट्रंकेत, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागं एखादी जुनी कॅसेट असेल, तर पावसाळ्याआधी बाहेर काढा आणि आमच्याकडं घेऊन या. वाजेल की नाही ते सांगता येत नाही. पण एकदा फिरवून बघू.

नमस्कार.